सिस्टिम थिंकिंग शिकवता येत नाही म्हणे!

इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरतो. सार असं: सिस्टिम थिंकिंग, म्हणजे गोष्टी सुट्या न बघता त्यांचे एकमेकींवर होणारे, उशिरा दिसणारे आणि फिरून आपल्यावरच येणारे परिणाम ओळखणं, वर्गात शिकवता येत नाही, ते नोकरीतल्या अनुभवाने येतं; ज्याचं गणित पक्कं त्याला ते आपोआप जमतं; त्याला मार्क देता येत नाहीत; आणि सिलॅबसमध्ये जागा आहेच कुठे? खाली अंगठ्यांची रांग. सोलापुरात राहून शिकवणाऱ्या मला यातलं एकही वाक्य पुरतं पटत नाही. मार्कांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते पुढे येईलच.

आधी अनुभवाचं बघू. सोलापुरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. पाळी चुकली तर हाल नकोत म्हणून माणूस मोठी टाकी बांधतो, नळाला मोटर लावतो, पाणी आलं की आधीचं ‘शिळं’ पाणी ओतून नवं भरतो. मोटरीमुळे पुढच्या गल्लीत दाब पडतो, मग तिथेही मोटरी लागतात. शेवटच्या घरापर्यंत पाणी जायला वेळ वाढवून द्यावा लागतो आणि दुसऱ्या भागाची पाळी पुढे सरकते. पाळी लांबली की टाकी आणखी मोठी! गळक्या लाइनी, अपुरी साठवण ही कारणं आहेतच, पण हे चक्रही आहे. अनुभवच म्हणाल तर यात अख्ख्या शहराची हयात गेली. तरी कट्ट्यावर ऐकू येतं ते एवढंच: महापालिका देत नाही, नाहीतर वरच्या गल्लीवाले ओढतात. आपली टाकी कुणाला दिसत नाही, कारण ती आज बांधली जाते आणि तिचा परिणाम काही महिन्यांनी, तोही दुसऱ्याच्या दारात होतो. कारण आणि परिणामात एवढं अंतर पडलं की नुसत्या अनुभवातून माणूस भलताच धडा घेतो.

कारखान्यातही तेच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले जे डब्ल्यू. फॉरेस्टर हे मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९५६ मध्ये ते तिथल्या मॅनेजमेंट विभागात गेले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार शिफ्ट चालत, तर काही वर्षांनी निम्मी माणसं घरी बसत. तिथले मुरलेले अधिकारी बाजारातल्या तेजी-मंदीकडे बोट दाखवत. फॉरेस्टरनी वहीच्या पानावर साठा, ऑर्डरी आणि कामगारांचे रकाने आखून आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. ऑर्डरी स्थिर धरल्या तरी कामगारांची संख्या वरखाली होत होती. मूळ त्यांच्याच भरतीच्या आणि साठ्याच्या नियमांत होतं.

आता गणित. २००० साली लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टरमन यांनी एमआयटीच्याच विद्यार्थ्यांना टबमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचे आलेख देऊन साठ्याचा आलेख काढायला सांगितला. कॅल्क्युलस शिकलेली मुलं, तरी अनेकजण चुकले. मी हाच प्रश्न आमच्या उजनी धरणावर देतो. दौंडचा विसर्ग, म्हणजे धरणात येणारं पाणी, ४० हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट), धरणातून सोडतात १० हजार. चार दिवसांत दौंडचा विसर्ग उतरत १५ हजारांवर आला, सोडणं तेवढंच. साठा कसा बदलेल? बरीच मुलं साठा उतरता दाखवतात! ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिलं की १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. म्हणजे विसर्ग १५ हजारांवर उतरल्यावरही रोज ०.४३ टीएमसीची भरच पडतेय. चढ मंदावतो, एवढंच. याच मुलांना इंटिग्रेशनची गणितं झोपेतून उठवून घाला, सोडवतील.

मार्क देता येत नाहीत? इराणमधल्या आटत चाललेल्या उर्मिया सरोवरावरचा उतारा देऊन, उत्तरातले घटक, त्यांच्यातले कार्यकारण संबंध आणि फीडबॅकची चक्रं (परिणाम फिरून कारणावरच येतो ती, आपल्या टाकीसारखी) मोजायची, अशी चाचणी संशोधकांनी केलेली आहे. तथ्य आहे ते इथे: आकृतीतले कारणाकडून परिणामाकडे जाणारे नुसते बाण मोजले तर आपली हुशार पोरं पानभर बाण काढतील. म्हणून मी आकृतीला मार्क कमी ठेवतो आणि भाकीत मागतो. ‘ठिबकमुळे उसाचं पाणी वाचलं. दहा वर्षांत उजनीतला उपसा घटेल का?’ ‘घटेल, कारण ठिबकने बचत होते’ एवढंच लिहिलं तर दहापैकी दोन. वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या रानातही ऊस लागेल, हे ओळखलं तर सहा. कोणत्या अटीवर उपसा खरंच घटेल हेही सांगितलं, उदाहरणार्थ पाणी मोजून ठरलेल्या कोट्यानेच मिळालं तर, त्याला नऊ. दोघा परीक्षकांनी आधी तेच मोजके पेपर वेगवेगळे तपासायचे, फरक पडेल तिथे भांडायचं, मग बाकीचा गठ्ठा घ्यायचा. आणि टर्मवर्कचे मार्क आपण कशावर देतो, ते एकमेकांना सांगायला नको.

राहिला सिलॅबस. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे. गुंतागुंतीचे प्रश्न, समाज, पर्यावरण हे सगळं एनबीएच्या, म्हणजे कोर्सना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, आउटकममध्ये (पदवीधराला काय यायला हवं त्या यादीत) लिहिलेलं आहे. आपला विषय त्याला किती लागू, याचे १, २, ३ आकडे आपण त्यापुढे भरतो आणि फाइल बंद करतो. फीडबॅक आणि विलंब तर कंट्रोल सिस्टिम्समध्ये आधीपासून आहेत, तिथे नळाच्या मोटरीचं उदाहरण घ्यायला कुणी अडवलंय? शिवाय एमआयटीचा ‘बिअर गेम’ आहे: दुकानापासून कारखान्यापर्यंतच्या साखळीत प्रत्येकाने आपापली ऑर्डर ठरवायची, असा खेळ. आम्ही तो बिअरऐवजी चादरींच्या धंद्यावर खेळवतो, नावावरून प्राचार्यांच्या भुवया वर जायला नकोत. दुकानदार, होलसेलवाला, कारखानदार, सूतवाला. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच ४ वरून ८ वर जाते आणि तिथेच थांबते, तरी सूतवाल्याकडच्या ऑर्डरी आधी भडकतात, मग शून्यावर येतात. या खेळाला दोन तासांचं एक प्रॅक्टिकल पुरतं, सिलॅबस ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजची मंजुरी लागत नाही.