लॉजिक गेलं तेल लावत

शनिवारी फिरलेलं डोकं अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहून टाकते.

आमचा एक छोटासा सिनेमावाल्यांचा गट आहे. चाळीसेक माणसं, महिन्याला एक सिनेमा, भाड्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा. सहा महिने मागे लागून मी तिथं नोबुहिको ओबायाशीचा 'हाउसू' लावून घेतला. १९७७ चा जपानी सिनेमा, जेमतेम दीड तासाचा. सात शाळकरी मुली सुट्टीत एकीच्या मावशीकडे राहायला जातात आणि मावशीचं घर त्यांना एकेक करून खातं. गोष्ट एवढीच.

दहाव्या मिनिटाला मागून आवाज आला, "अरे, हे काय चाललंय?" विसाव्या मिनिटाला, "पण ह्याला लॉजिक काय?" अर्ध्या तासात तीन मोबाईल पेटले. आणि संपल्यावर चर्चेत एका गृहस्थांनी घसा खाकरून सांगितलं, "इफेक्ट्स अगदीच भंगार आहेत हो. बजेट नसेल तर करू नये माणसानं."

बजेट नसेल! अहो, तोहो कंपनीचा सिनेमा आहे तो, गॉडझिलावाल्या तोहोचा. अमेरिकेत शार्कच्या सिनेमानं धो धो पैसा ओढला, तेव्हा आपल्यालाही तसं काहीतरी हवं म्हणून तोहोनं ओबायाशीला विचारलं. हा माणूस जाहिरातींमधला. हॉलिवूडच्या चार्ल्स ब्रॉन्सनला घेऊन त्यानं केलेली मँडम ह्या पुरुषांच्या सौंदर्यप्रसाधनांची जाहिरात जपानभर गाजलेली. कॅमेऱ्याच्या सगळ्या करामती म्हणजे त्याच्या हातचा मळ. अशा माणसाला नीट दिसणारं कापलेलं मुंडकं करता येत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? त्याला ते खोटंच दिसायला हवं होतं. लहान पोरानं कात्री-डिंक घेऊन चिकटवल्यासारखं. कारण त्या भीत्या मुळात लहान पोरीच्याच आहेत. त्यानं आपल्या शाळकरी मुलीला, चिगुमीला, विचारलं की तुला कशाची भीती वाटते. आरशातलं आपलंच रूप अंगावर आलं तर? पियानोत बोटं अडकली तर, पियानोच चावतोय असं वाटलं तर? विहिरीत गार करायला सोडलेलं कलिंगड वर ओढताना ते डोकंच निघालं तर? ह्या तिच्या कल्पना. सगळ्या सिनेमात आहेत.

आता तो पियानोचा प्रसंग. मेलडी नावाची मुलगी वाजवायला बसते, पियानो तिची बोटं खातो. ती हात वर करून बघते, बोटं नाहीत, आणि तिला गंमत वाटते! मग पियानो तिला अख्खी गिळायला लागतो. पाय हवेत, तुटलेली बोटं पट्ट्यांवर वाजवतायत, आणि मागे एक सांगाडा आपला मजेत नाचतोय. एकाच चौकटीत हसूही येतं आणि पोटातही कालवतं. हे जमवायला काय लागतं हे ज्यानं एकदा तरी घरच्या बारशाचा व्हिडिओ एडिट केलाय त्याला कळावं. आमच्या हॉलमध्ये त्याच वेळी कुणीतरी चिवड्याची पिशवी फोडली.

आणि लॉजिक! ह्या एका शब्दाचा मला आता तिटकारा आलाय. तुमच्या आजीनं हडळीची गोष्ट सांगितली तेव्हा विचारलं होतंत का, की पाय उलटे असतील तर ती चालताना तोल कसा सांभाळते? खांद्यावरचं प्रेत राजाला कोडी घालतं ते मुकाट्यानं ऐकलंत ना? तिथं मान डोलवायची, आणि जपानी मांजरीचे डोळे चमकले की ह्यांना लगेच पुरावे हवेत. केळ्यांचा ढीग झालेला माणूस बघून एक काका तर खरंच वैतागले. "केळीच का?" म्हणाले. काका, मग काय हवं होतं, सफरचंद?

ह्यात नवीन काही नाही म्हणा. जपानमध्येही तेच झालं. तोहोनं पटकथा मंजूर केली, पण कंपनीतला एकही दिग्दर्शक तिला हात लावेना, आणि बाहेरच्याला द्यायचं की नाही ह्यात दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात ओबायाशीनं गप्प न बसता कादंबरी, चित्रकथा, रेडिओ नाटक सगळं बाजारात आणलं. सिनेमाची गाणी सिनेमाच्या आधी विकली. सिनेमा आला, समीक्षकांनी नाकं मुरडली, की हा काय सिनेमा आहे का, ही तर लांबवलेली जाहिरात. आणि कॉलेजची पोरं मात्र तिकिटाला रांगा लावून बसली. पोरांना कळलं, मोठ्यांना नाही. त्यांचा एकवेळ राग येत नाही मला. त्यांनी असं काही आधी बघितलंच नव्हतं.

राग येतो तो नंतरच्यांचा. २००९-१० मध्ये हा सिनेमा अमेरिकेत थिएटरात फिरला, तिथल्या लोकांनी डोक्यावर घेतला, जुने-गाजलेले सिनेमे डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं डिस्क काढली, आणि मग सगळीकडे एकच पालुपद सुरू झालं: वेडा सिनेमा, नशेतला सिनेमा, इतका वाईट की भारी. शनिवारी आमच्यातला एक तरुण विद्वानही हेच म्हणाला. "गांजा मारून बघायला पाहिजे होता." आणि सगळे हसले. भंगार म्हणणाऱ्या गृहस्थांपेक्षा मला हा जास्त खुपला. ते निदान सरळ नापास करून मोकळे झाले. हा पाठ थोपटतोय आणि बघत मात्र काहीच नाहीये.

कारण सिनेमात एक जागा आहे. मुली मावशीकडे निघाल्यात आणि तिची जुनी गोष्ट एखाद्या मूकपटासारखी दिसायला लागते. मावशीचं लग्न ठरलेलं असतं, होणारा नवरा युद्धावर जातो, परत येत नाही. ती वाट बघत राहते. मुलींचं मध्येमध्ये खिदळणं चालू, जणू त्या सिनेमाच बघतायत. तेवढ्यात पडद्यावर अणुबॉम्बचा ढग उठतो. आणि एक मुलगी म्हणते, अय्या, हे तर म्हातारीच्या केसांसारखं दिसतंय. जत्रेत काडीवर मिळतात ते.

बस. एवढंच. गोष्ट पुढे जाते.

ओबायाशीचा जन्म १९३८ चा, ओनोमिचीचा, म्हणजे हिरोशिमा प्रांतातलाच. बॉम्ब पडला तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्यात त्याचे सवंगडी गेले. आणि १९७७ मध्ये तो अशा पोरी दाखवतोय ज्यांना तो ढग म्हणजे खाऊ वाटतो. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. पण जिचा जन्म वाट बघण्यात गेला ती म्हातारी त्यांना खाणारच, आणि नेमक्या लग्न न झालेल्या पोरींनाच खाणार. ह्याहून सरळ लॉजिक काय हवंय तुम्हाला? पुढे कॅन्सर झाल्यावरही हा माणूस युद्धाविरुद्धच सिनेमे काढत राहिला. २०१७ मधल्या 'हानागातामी'ची पटकथा तर 'हाउसू'च्या आधीपासून त्याच्याकडे पडून होती. २०२० मध्ये तो गेला. आणि आपण काय म्हणायचं, तर गांजा.

त्या ढगाला आमचा हॉल हसला. मीही पहिल्यांदा बघताना हसले होते, खोटं कशाला बोलू. पण दोन सेकंदांनी ते हसू घशात अडकलं होतं. इथं कुणाचं अडकलं नाही. उलट मागून "भारी पंच" असं ऐकू आलं.

चर्चेत मी हे सगळं सांगायला उठले, तर संयोजक घड्याळाकडे बघत म्हणाले, "ताई, थोडक्यात. साडेनऊला हॉल सोडायचाय." थोडक्यात काय सांगणार, कपाळ! "म्हातारीचे केस" एवढंच बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं मी मावशीच्या विगबद्दल बोलतेय.

रात्री ग्रुपवर मतदान झालं, पाचपैकी दीड. खाली निरोप: "पुढच्या वेळी जरा समजेल असं काहीतरी लावू या." त्याला एकोणीस अंगठे. केळीवाल्या काकांचा पहिला.

काल तेच काका भाजी घेताना भेटले. मी मान फिरवणार तेवढ्यात म्हणाले, "ती मांजर मात्र अजून डोळ्यासमोरून जात नाही हो. काल रात्री दोनदा उठलो."

मग अंगठा कशाला दिलात, काका?