नवं 'डंजन मास्टर्स गाइड': साताऱ्यातल्या टेबलावरून

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं नवं 'डंजन मास्टर्स गाइड' सध्या आमच्या रविवारच्या गटात या हातातून त्या हातात फिरतंय. 'घ्यावं का?' असं विचारणारे मेसेजही बरेच येतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यानं आजवर एकदाही खेळ चालवलेला नाही, त्याच्या हातात देण्यासारखं या खेळाचं अधिकृत पुस्तक आत्ता कुठे आलंय. पण किल्ल्यांच्या प्रकरणात ते कच खातं, आणि साताऱ्यात बसून वाचताना ते फार जाणवतं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, म्हणजे गोष्टीतलं पात्र, असतं आणि एक जण डंजन मास्टर, थोडक्यात डीएम, होतो. गाव, गावकरी, राजा, राक्षस, पाऊसपाणी सगळं डीएमच्या तोंडून येतं, आणि जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाच मूळ तीन पुस्तकं नव्यानं यायला लागली: खेळाडूंचं सप्टेंबर २०२४ मध्ये, डीएमचं नोव्हेंबरमध्ये आणि राक्षसांचं फेब्रुवारी २०२५ मध्ये.

आधीच्या, २०१४ च्या गाइडमध्ये पहिलंच प्रकरण होतं स्वतःचं जग कसं उभारावं याचं. देव, साम्राज्यं, नकाशे, त्यानंतर वेगवेगळी विश्वं. प्रत्यक्ष टेबलावर बसल्यावर खेळ कसा चालवायचा हे यायचं थेट आठव्या प्रकरणात. त्यामुळे हौसेनं पुस्तक घेणारी मुलं महिनोन् महिने नकाशे काढत बसायची आणि पहिलं सेशन, म्हणजे खेळाची पहिली बैठक, काही व्हायचं नाही. नव्या पुस्तकानं हा क्रम उलटा केलाय. पहिल्या प्रकरणात डीएम नेमकं काय करतो, सेशनची तयारी कशी करायची, सेशन कसं पुढे न्यायचं. दुसऱ्यात खेळ चालवणं. जग उभारणं मागे गेलंय, आणि तिथेही ग्रेहॉक हे या खेळातलं जुनं जग नमुन्यादाखल तयार दिलंय, नकाशासकट. शिवाय पाच छोटी साहसं आहेत, दुपारी वाचून संध्याकाळी खेळायला घेता येतील इतकी आटोपशीर. नवख्याला नेमकं हेच लागतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग नियमांवरून कीस पाडणाऱ्या खेळाडूंबद्दलचा आहे. पुस्तक सरळ सांगतं की खेळाचे नियम हे भौतिकशास्त्राचे नियम नाहीत. उदाहरणही दिलंय: शेकडो माणसं रांगेत उभी करायची, प्रत्येकानं भाला पुढच्याच्या हातात द्यायचा, नियमाप्रमाणे हे सगळं सहा सेकंदांत होतं, म्हणून शेवटी भाला प्रकाशाच्या वेगानं सुटतो, असा युक्तिवाद कुणी केला तर तो चालू द्यायचा नाही. ज्याला टेबलावर चार मोठ्या आवाजाच्या मित्रांसमोर 'नाही' म्हणायचं आहे, त्याच्या पाठीशी आता छापील पान उभं आहे. आमच्या गटातली सगळ्यात धाकटी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'दादा, मला डीएम व्हायचंय, पण तुम्ही सगळे माझं ऐकणार नाही,' असं ती कायम म्हणायची. ही पानं वाचून तिनं खेळ चालवायला घेतला, पूर्ण मराठीत, आणि एका खेळाडूनं भलतीच शक्कल लढवली तेव्हा शांतपणे म्हणाली, 'हे माझ्या जगात होत नाही, पुढे चला.' सगळे पुढे गेले. नियमांच्या पुस्तकानं एवढं केलं तरी मला ते मोलाचं वाटतं.

आता हिशेबाचा भाग. इथे माझी गंभीर तक्रार आहे. लढाई किती अवघड होईल हे ठरवायची पद्धत नव्या पुस्तकात सोपी झालीय. प्रत्येक कॅरेक्टरमागे त्याच्या लेव्हलप्रमाणे (अनुभवानं वाढत जाणाऱ्या इयत्तेप्रमाणे) एक्सपीचं, म्हणजे अनुभवाच्या गुणांचं, बजेट, आणि राक्षसांच्या एक्सपीची सरळ बेरीज. जुन्या पुस्तकात राक्षसांची संख्या वाढली की बेरजेला गुणक लागायचा, तो आता काढलाय. गणित सोपं झालं हे खरं, पण उदाहरण करून बघा. पहिल्या लेव्हलची चार कॅरेक्टर्स आणि समोर सहा गॉब्लिन हे किरकोळ राक्षस, प्रत्येकी ५० एक्सपीचे. बेरीज ३००. नव्या तक्त्यात पहिल्या लेव्हलला मध्यम लढाईचं बजेट माणशी ७५, म्हणजे चौघांचं ३००. झाली मध्यम लढाई. जुन्या पद्धतीत याच सहा जणांना दोनचा गुणक लागून ६०० व्हायचे, आणि प्राणघातक लढाईची पायरी चौघांसाठी ४०० वरच सुरू व्हायची. नव्या पुस्तकातली कॅरेक्टर्स थोडी दणकट झालीत हे मान्य. तरी पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचे गुण) आठाच्या आसपास असतात आणि सहा जणांनी त्याच्यावरच रोख धरला तर तो पहिल्याच फेरीत आडवा होतो. राक्षस फार झाले तर जपून, असा इशारा पुस्तकात आहे, पण तो माणशी दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तेव्हाचा. इथे माणशी दीडच आहेत. नवख्या डीएमनं पुस्तकावर विश्वास ठेवायचा आणि पहिल्याच रविवारी सगळी पार्टी, म्हणजे सगळ्या खेळाडूंची कॅरेक्टर्स, मारून बसायचं, हे बरोबर नाही. माझा सल्ला: पहिल्या दोन लेव्हल्सना माणशी एकापेक्षा जास्त शत्रू ठेवूच नका.

दिवसभरात साधारण सहा ते आठ लढाया पार्टी झेलू शकते, असा जुन्या पुस्तकातला अंदाज नव्यात काढून टाकलाय. तो तसाही फारसं कुणी पाळत नव्हतं. स्वतःचा राक्षस पहिल्यापासून घडवायचा तक्ता मात्र काढायला नको होता. आता आहे त्याच राक्षसाला थोडा फेरफार करून वापरा एवढंच सांगितलंय. आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे दर रविवारी पुढे चालणाऱ्या गोष्टीत, वेताळ येतो, हडळ येते, मुंजा येतो. आपल्या मातीतली भुतं खेळात आणणाऱ्याला तो तक्ता लागतोच, म्हणून जुनं पुस्तक मी टाकणार नाही.

आणि आता किल्ला.

नव्या पुस्तकात शेवटचं प्रकरण 'बॅस्टियन'चं आहे. पाचव्या लेव्हलला प्रत्येक कॅरेक्टरला स्वतःचा गड मिळतो. त्यात लोहारखाना, ग्रंथालय, बाग, शिबंदीची जागा असे विभाग निवडायचे, खेळातल्या दर सात दिवसांनी हुकूम सोडायचा आणि त्याचं फळ घ्यायचं. कल्पना ऐकून आमची मंडळी हरखून गेली. रोज सकाळी अजिंक्यतारा बघत मोठी झालेली माणसं आम्ही, आम्हाला गड द्यायचा म्हणजे काय!

पण गडावर हल्ला झाला तर काय होतं? सहा फासे टाकायचे. जितक्यांवर एक पडेल तितके रक्षक मेले. रक्षकच उरले नाहीत तर एखादा विभाग पुढच्या सात दिवसांच्या फेरीपुरता बंद. संपलं. नोकरांचे पगार गडाच्या उत्पन्नातून आपोआप भागतात, माणसं निष्ठावंतच धरायची. फितुरी नाही, दाणागोटा नाही, टाक्यातलं पाणी नाही.

औरंगजेब १६९९ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या गडाला, म्हणजे याच अजिंक्यताऱ्याला, वेढा घालून बसला. प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला, तेव्हा तो चाल करून येणाऱ्या त्यांच्याच फौजेवर कोसळला. तरीही गड लढत राहिला आणि १७०० च्या एप्रिलात पडला. बादशहानं त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं. एवढं नाट्य ज्या गोष्टीत आहे, ती सहा फाशांत कशी मावणार? खेळाडूला तिथे काही ठरवायलाच मिळत नाही, आणि हा सगळा खेळच मुळात ठरवण्याचा आहे.

आम्ही आमच्यापुरता बदल केलाय. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी नेमायचे, प्रत्येकाला नाव आणि एक गरज. वेढा पडला की दर फेरीला खेळाडूंनी तिघांपैकी एकाचंच ऐकायचं: हवालदार म्हणतो रात्री छापा घालू, कारखानीस म्हणतो धान्य पुरवा, सबनीस म्हणतो हजेरीत चार माणसं कमी दिसतायत. ज्याचं ऐकलं नाही त्याच्या बाजूनं संकट येतं. फासे मग टाकायचे, पुस्तकातलेच सहा, पण एकाऐवजी एक आणि दोन दोन्ही धोक्याचे. पहिल्या वेढ्याला टेबलावर असा वाद झाला की चहा गार झाला.

खर्चाचं म्हणाल तर पुस्तक महाग आहे, डॉलरमधली छापील किंमतच पन्नासच्या घरात. नुसते मूळ नियम हवे असतील तर एप्रिल २०२५ मध्ये खेळाच्या प्रकाशक कंपनीनं 'एसआरडी ५.२' हे मूळ नियमांचं संकलन क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली मोफत खुलं केलंय, तेवढ्यावर खेळ सुरू होतो. मी वर ज्या पानांचं कौतुक केलं ती मात्र पुस्तकातच वाचायला लागतात. साताऱ्यात कुणाला विकत घेण्याआधी चाळून बघायचं असेल तर मेसेज करा, रविवारी दुपारी आमच्याकडे या. टेबलावर एक खुर्ची रिकामी ठेवतो, आणि त्या दिवशी डीएम व्हायचं असेल तर तसं आधी कळवा.