डिम लाईनवर मोटर जळत नाही म्हणे!

रब्बीचं ओलित सुरू झालं की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात म्हटलेलं असतं की ओहमच्या नियमानं व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो, म्हणून डिम लाईनवर, म्हणजे कमी व्होल्टेजवर, मोटर जळत नाही. पुढे, मोटरचा रोध मल्टिमीटरनं मोजा, त्यानं व्होल्टेजला भागा की करंट मिळतो, आणि दोन्हींचा गुणाकार केला की वॅट. व्होल्टेज कमी तर बिलही कमी. शेवटी एक डबी सुचवलेली असते: सॉकेटमध्ये लावा, बिल अर्धं.

सूत्रं खरी आहेत. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे पॉवर. पाणी तापवायच्या १५०० वॅटच्या रॉडला ती बरोबर लागू पडतात. २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे रोध सुमारे ३५ ओहम. लाईन १८० व्होल्टवर आली की करंट ५.१ अँपिअर आणि पॉवर सुमारे ९२० वॅट. इथवर मेसेज पास.

पण मोटर म्हणजे रॉड नव्हे. ती फिरायला लागली की तिच्या गुंडाळीत लाईनच्या उलट व्होल्टेज तयार होतं आणि तेच करंटला अडवून धरतं. किती करंट घ्यायचा हे मग मुख्यतः लोडवर ठरतं. विहिरीचं पाणी तेवढंच वर चढवायचं आहे, व्होल्टेज मात्र घटलं. मोटर ती तूट जास्त करंट ओढून भरून काढते. पाच एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला साधारण साडेसात अँपिअर घेते. लाईन ३४० वर आली आणि लोड तसाच राहिला, तर करंट नऊच्या वर जातो. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे गुंडाळी जवळपास दीडपट तापते. वरून ३४० व्होल्टवर मोटरची फिरवायची ओढ दोन-तृतीयांशच उरते. चालू करताना ती नुसती गुणगुणत उभी राहिली, तर करंट पाच-सहा पट जातो आणि तो उतरतच नाही.

रिवाइंडिंगच्या दुकानात अशी मोटर खोललेली पाहा. तिन्ही फेजच्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या, वार्निश करपलेलं, नखानं खरवडलं की पापुद्रे सुटतात. एक फेज गेल्यानं जळलेली मोटर निराळी दिसते, तिच्यात काही गुंडाळ्या काळ्या आणि काही तांबूसच राहिलेल्या असतात. डिम लाईनवर स्टार्टरचा रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, वारंवार पडतो तो याच करंटमुळे. अन् आपले लोक काय करतात? रिलेची सेटिंग वर चढवतात! ती मोटरच्या प्लेटवर छापलेल्या अँपिअरवरच असायला हवी.

आता मल्टिमीटरचं गणित. समजा दोन टर्मिनलमध्ये ५ ओहम दाखवले. ४१५ भागिले ५ म्हणजे ८३ अँपिअर! एवढा करंट खरंच चालत राहिला तर मोटर काही क्षणांत धूर सोडेल. मीटर दाखवतो तो फक्त तांब्याच्या तारेचा रोध. फिरत्या मोटरचा करंट त्यावरून निघत नाही, तो क्लॅम्प मीटरनं, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मीटरनं, एकेका वायरवर मोजावा लागतो. त्यानंतरही नुसता गुणाकार चालत नाही. ४१५ गुणिले साडेसात म्हणजे ३११२ वॅट होतात, आणि पाच एचपीची मोटर शाफ्टवर ३७०० च्या आसपास वॅट देते. म्हणजे घेतल्यापेक्षा जास्त देणारी मोटर सापडली की! थ्री फेजला १.७३२ नं गुणायचं, मग पॉवर फॅक्टरनं, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामी येणाऱ्या हिश्श्यानं. तो ०.८५ धरला तर सुमारे ४५८० वॅट येतात, आणि हिशेब जुळतो.

बिलाचं म्हणाल, तर साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून मोफत वीज योजना लागू आहे. जे बिल भरायचंच नाही ते अर्धं कसं होणार? घरच्या रॉडचं बिलही व्होल्टेज घटल्यानं कमी होत नाही. बादलीभर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला पूर्ण व्होल्टेजवर २३ मिनिटं लागत असतील, तर १८० व्होल्टवर ३८ लागतील. वीज दोन्ही वेळा तेवढीच, अर्ध्या युनिटहून थोडी जास्त.

राहिली डबी. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. विकणारा क्लॅम्प मीटर लावून करंट घटलेला दाखवतो, आणि तो खरंच घटू शकतो. पण घरचं मीटर प्रत्यक्ष वापरलेली वीज मोजतं, नुसता करंट नाही. पॉवर फॅक्टर सुधारला तरी युनिट जिथल्या तिथेच.

शेतीपंपाचा कपॅसिटर हे मात्र वेगळं प्रकरण. तो लावा असं महावितरण वारंवार सांगतं, ते बरोबर आहे. त्यानं लाईनमधला करंट उतरतो, डीपीवरचा, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार हलका होतो आणि शेवटच्या विहिरीवरही व्होल्टेज जरा बरं पोचतं. एकानं लावून फारसं भागत नाही, एका डीपीवरच्या बहुतेकांनी लावले तर फरक दिसतो. मोटरच्या एचपीप्रमाणे घ्यावा, वायरमनकडून बसवून घ्यावा. मोटर बंद केल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, टर्मिनलला लगेच हात लावू नये.