तुमच्या कुत्र्याची घाण तुम्हीच उचला

"मातीतच तर आहे. खत होईल."

पवना धरणाच्या काठावर, फोल्डिंग खुर्चीतून न उठता, हातातला कॉफीचा मग खाली न ठेवता एका माणसाने रविवारी सकाळी मला हे ऐकवलं. आज गुरुवार आहे आणि माझा राग तसाच्या तसा आहे. भाजी चिरताना आठवतं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये आठवतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

शनिवारी बहीण, तिची दोन मुलं आणि मी असे तंबूत राहायला गेलो होतो. शेजारच्या तंबूत एक जोडपं आणि त्यांचा ब्रूनो, सोनेरी केसांचा, धष्टपुष्ट, प्रेमळ रिट्रीव्हर. माझं भांडण ब्रूनोशी नाही, हे आधीच सांगते. तो बिचारा कुत्र्यासारखा वागत होता. पट्टा गाडीत पडलेला आणि ब्रूनो संध्याकाळभर मोकाट. बार्बेक्यूच्या शेगडीपाशी, लोकांच्या ताटांत, दोनदा आमच्या तंबूत. माझी भाची कुत्र्यांना घाबरते. ती बहिणीच्या मागे लपून रडायला लागली, तरी त्या बाई लांबूनच म्हणाल्या, "काही करत नाही तो, फ्रेंडली आहे. उलट तिची भीती जाईल." माझ्या भाचीची भीती घालवायचं कंत्राट यांना कोणी दिलं होतं? पण बहिणीने डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे. मी जाऊ दिलं.

सकाळी थंडी होती, गवत दवाने भिजलेलं होतं, पाण्यावर धुकं होतं. भाचा उठल्या उठल्या अनवाणी पाण्याकडे पळाला. आमच्या तंबूची दोरी त्याने ओलांडली आणि पाय थेट त्यात. घसरून पडला, हातही त्यातच. ताजी होती, त्या थंडीत वाफा निघत होत्या. पोराने घाबरून तोच हात केसांत घातला. सहा वर्षांचं पोर, हाताला, पायाला, डोक्याला कुत्र्याची विष्ठा, आणि आंघोळीला ड्रममधलं बर्फासारखं पाणी. त्याला धुताना बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि त्या माणसाने सगळं पाहिलं होतं! मी तेव्हा तंबूच्या तोंडाशी बसून बूट घालत होते. ब्रूनो आमच्या दोरीपाशी गोल फिरला, बसला. मालकाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली. मला वाटलं, आता उठेल, पिशवी काढेल. इतकी साधी अपेक्षा. तेवढ्यात पोरगा माझ्या अंगावरून बाहेर पळाला.

मी गेले. अगदी नीट बोलले. "दादा, तुमच्या कुत्र्याने केलंय, उचलता का प्लीज?" तर म्हणे कुठे? दाखवलं. मग ते खताचं वाक्य. आणि तंबूतून बाईंचा आवाज आला, "कॅम्पवाल्यांना सांगा ना, त्यांचा स्टाफ आहे त्यासाठी."

त्यासाठी! शेवटी स्टाफच आला. स्टाफ म्हणजे कॅम्पच्या मालकाचा पुतण्या, जेमतेम अठराचा. रात्री उशिरापर्यंत चिकन भाजत होता, पहाटे उठून त्याने आमच्यासाठी पोहे टाकले होते. कोणी काही सांगायच्या आत फावडं आणि चुलीतली राख घेऊन आला, सगळं भरलं आणि लांब नेऊन पुरलं. एक शब्द बोलला नाही. खुर्चीतून आवाज आला, "थँक यू भाई." त्या पोराने मान हलवली आणि कांदे चिरायला गेला. हात धुऊनच गेला, हे मी पाहिलं. पण सकाळच्या पोह्यांच्या वेळी त्याला हे काम का करावं लागावं?

ह्या तळ्याकाठी तंबू टाकणारे बरेचसे लोक धरणात जमिनी गेलेल्यांच्या घरातले आहेत. भात पिकवायची ती जमीन पाण्याखाली गेली, काठावर उरलेल्या तुकड्यावर तंबू लावून पोट भरतात. आणि आपण शनिवारी गाडी काढून त्यांच्या उरलेल्या तुकड्यावर कुत्र्याला हगायला बसवायचं, वर ते उचलायलाही त्यांचंच पोर? दोन माणसांचे पैसे भरले म्हणजे मेहतर विकत घेतला असं वाटतं का ह्यांना?

आता खताचं बोलू. ज्यांना खताचा एवढा पुळका आहे त्यांनी एकदा कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं, दादा, कुत्र्याची विष्ठा भाजीच्या वाफ्यात टाकू का म्हणून. म्हैस कडबा खाते, गवत खाते, तिचं शेण उकिरड्यावर महिनोन् महिने कुजतं, मग त्याचं शेणखत होतं. कुत्रा मांस खातो. त्याच्या विष्ठेत गोलकृमींची अंडी असू शकतात, ती मातीत कित्येक महिने, कधी वर्षंही टिकतात, आणि माती लागलेला हात पोराने तोंडात घातला की पोटात जातात. त्यातली अळी डोळ्यापर्यंत पोहोचली तर नजर जाऊ शकते. अंकुशकृमींना तर तोंडाचीही गरज नाही. ओलसर उबदार मातीत त्यांच्या अळ्या अनवाणी तळव्यातून आत शिरतात. "आमच्या ब्रूनोचं डीवॉर्मिंग झालंय" हे बाईंनी मला नंतर ऐकवलंच. झालं असेल. त्या गवतावर दर शनिवारी येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं झालंय का, हे कोण बघतं?

आणि गुरं! त्या काठावर सोमवार ते शुक्रवार गावातल्या म्हशी चरतात. निओस्पोरा नावाचा एक परजीवी आहे, १९८८ मध्ये शास्त्रज्ञ जे. पी. दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हे नाव दिलं. तो कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर जातो, गवतातून गुरांच्या पोटात, आणि गाभण जनावर गाभडतं. जगभरात गाईगुरांच्या गर्भपाताच्या मोठ्या कारणांत त्याचं नाव आहे. एक गाभण म्हैस गाभडली तर त्या घराचं वर्ष बसतं. तुमचं रविवारचं सकाळचं फोटोसेशन झालं, तुम्ही अकरा वाजता निघालात, तुम्हाला ह्यातलं काही कळणारही नाही.

गप्पांत कळलं होतं की हे ब्रूनोवाले वाकडला राहतात. म्हणजे पिंपरी-चिंचवड. म्हणजे पवनेचंच पाणी पितात! हे धरण नदीत पाणी सोडतं, रावेतला ते उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग ते नळाने घरी येतं. पहिल्या पावसात काठावरचं सगळं धुऊन धरणातच जाणार आहे. मी हे त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे आरओ आहे, मॅडम." यावर काय बोलायचं? ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांनी काय करायचं? त्या गावात किती जणांकडे आहे? आपल्या घरात फिल्टर आहे म्हणून बाकी सगळ्यांच्या पाण्यात काहीही जाऊ दे, असा विचार शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला लाज वाटली.

माझ्याकडेही कुत्री आहे. राणी. देशी, पिवळी, रस्त्यावरून उचललेली. म्हणूनच मी जास्त चिडले आहे. ह्या सहलीला तिला नेली नाही, आईकडे ठेवली, कारण भाची घाबरते. एवढं साधं आहे ते. राणीला घेऊन जाते तेव्हा खिशात जुना पेपर आणि पिशव्या असतात. बसतेय असं दिसलं की पेपर खाली सरकवायचा, नाही जमलं तर पिशवीत हात घालून उचलायचं, पिशवी उलटी करायची, गाठ मारायची. मिनिटभराचं काम. वास येतो, हो. किळस येते, हो. कुत्रा पाळला ना? मग त्याच्या आजारपणासारखं, लसीसारखं, जेवणासारखं हेही आपलंच. ज्याला रात्री बिछान्यात घेऊन झोपता, ज्याला जगासमोर "माझं बाळ" म्हणता, त्या बाळाची घाण दुसऱ्याच्या पोराने उचलायची?

आणि ते दुसरे, पिशवीवाले. उचलतात, छान गाठ मारतात, आणि ती काळी पिशवी करवंदाच्या जाळीत फेकून देतात. नाही उचललं असतं तर निदान उन्हापावसात विरघळलं तरी असतं. आता ते प्लास्टिकमध्ये बंद होऊन वर्षानुवर्षं राहणार, नाहीतर एखादी गाय ती पिशवी चघळणार. भंडारदऱ्याला पाहिल्यात अशा पिशव्या, काशीदच्या सुरूच्या बनात पाहिल्यात. उचलल्यावर गाडीपर्यंत नेता येत नाही? चिप्सची पाकिटं आणताना गाडीत जागा होती ना?

काशीदवरून आठवलं. तिथे वाळूत केलेलं पायाने वाळू ढकलून झाकणारे. झाकलं म्हणजे गेलं? तासाभराने त्याच जागी कुणाचं तरी पोर किल्ला करायला बसतं.

आणि आमची सोसायटी. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलण्याला ५०० रुपये दंड ठरवला होता. न्यूयॉर्कने १९७८ मध्ये कायदा करून मालकांना उचलायला लावलं. फ्रान्समधल्या बेझिए शहराने तर २०२३ पासून कुत्र्यांचे डीएनए नोंदवून घेतले, विष्ठा सापडली की मालक शोधून पैसे वसूल. आमच्याकडे सातव्या मजल्यावरचे काका कुत्र्याला लिफ्टमधून खाली आणतात, दुसऱ्या विंगच्या गेटसमोर बसवतात आणि स्वतः आकाशाकडे बघत उभे राहतात. बोललं की म्हणतात, "भटकी कुत्री करतात त्याचं काय?" भटक्यांना मालक नाही, काका. तुमच्याला आहे. झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी खराट्याने ते ओढून नेतात. त्यांच्या पायात रबरी स्लिपर असते, हातमोजे नसतात.

कॅम्पवाल्यांवरही मी चिडलेय. कुत्र्याचे वेगळे पैसे घेता, मग आल्या आल्या हातात पिशव्यांची गुंडाळी का देत नाही? झाकणाचा एक डबा का ठेवत नाही? अनामत घ्या. जाताना जागा स्वच्छ असेल तर परत, नसेल तर त्या पोराच्या हातात द्या ते पैसे. पट्टा नसेल तर प्रवेश नाही, असं फाटकावर लिहा आणि पाळा. धरणाच्या काठावर दंड करायला कुठलीही महापालिका येणार नाही, तिथे तुमचाच शब्द चालतो. गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसता, पण ज्या घरातल्या पोराचा हात घाणीत गेला ते गिऱ्हाईक तुटलेलं तुम्हाला दिसत नाही.

पुढच्या महिन्यात मी आणि राणी दोघीच जाणार होतो. काल दुसऱ्या एका कॅम्पवर फोन केला, जिथे तिला आधी नेलं होतं. मालक ओळखीचे, राणीला नावाने हाक मारणारे. म्हणाले, "ताई, तुम्ही एकट्या कधीही या. पण कुत्री आता बंद केली आम्ही. पोरं घाण काढून काढून वैतागली, गेल्या आठवड्यात एक जण काम सोडून गेला." मी वाद घातला नाही. त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. पण राणीने आजवर त्यांच्या गवतावर एक कण मागे ठेवला नव्हता. तिला घेऊन आता मी कुठे जायचं, ते त्या खुर्चीतल्या माणसाने मला सांगावं.