पालखीला खांदा न दिलेल्या बाईचं उत्तर

धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा कायद्यातून काढून टाकावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर 'फोंड्याचा भाविक' या टोपणनावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी पुस्तकी पुरोगामी आहे. हे कलम गेलं तर दंगली होतील. सर्वोच्च न्यायालयानेच ते वैध ठरवलंय, तर मी कोण लागून गेले? हिंमत असेल तर इतर धर्मांबद्दल लिहून दाखवावं. आणि मग हे वाक्य: "ज्यांनी जन्मात कधी देवाच्या पालखीला खांदा दिला नाही, त्यांनी आमच्या भावनांबद्दल तोंड उघडू नये."

पुस्तकी म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पुस्तकांशीच संबंध. पण हे शेवटचं वाक्य वाचून चहा निवून गेला.

भाविकबाब, आमच्या गावात बायकांना पालखीला खांदा देऊ देत नाहीत. तुमच्या गावात देत असतील तर जरूर कळवा, मी कदंब बसने येईन. देत नसतील, तर तुमच्या या एका नियमाने गोव्यातल्या समस्त हिंदू बायकांची तोंडं बंद झाली, हे लिहिताना ध्यानात आलं होतं का? तुमच्या आईचंसुद्धा, म्हणून विचारते.

आता माझ्याबद्दल. देवळाला लागून आमचं घर. जत्रेच्या दिवसांत ओसरीवर आबोलीची रास पडायची आणि आम्ही मुली बोटं केशरी होईस्तोवर वळेसर करत बसायचो. देवळात पाय ठेवलाय का म्हणून मला विचारायचं असेल तर आमच्या गावात येऊन विचारा, कोणीही सांगेल. आणि माझे बाबा काल्यात, म्हणजे जत्रेतल्या रात्रीच्या दशावतारी खेळात, संकासूर व्हायचे. तुम्ही फोंड्याचे, म्हणजे काला बघितला असणारच.

मध्यरात्र उलटलेली. देवळासमोरचा मांड, पेट्रोमॅक्सची सूं सूं, गणपती-सरस्वती येऊन गेलेले. मग काळा पायघोळ झगा, डोकं-तोंड झाकलेलं काळं कापड आणि त्याला शिवलेली लाललाल जीभ, असा संकासूर यायचा. वेद चोरणारा राक्षस तो, त्याच्या तोंडी सोवळी भाषा कशी असेल? बाबा भटजींच्या पोटावरून सुरू करायचे ते दक्षिणेवर जायचे, मग देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांपैकी कोण देवळाच्या हिशेबाला बसताना चष्मा विसरतो ते सांगायचे, आणि शेवटी खुद्द देवालाच विचारायचे, "तू जागो आसा मरे?" समोर गाभाऱ्याचं दार उघडं. खरे भटजी खांबाला टेकून बसलेले, हसून हसून त्यांचं उपरणं खाली यायचं. पहाटे दहीहंडी फुटली की तेच भटजी बाबांच्या हातावर तीर्थ घालायचे.

यात देवाचा अपमान झाला असं कोणाला वाटलं नाही. कदाचित एखाद्याला वाटलंही असेल. हिशेबावरून टोमणा बसलेले एक महाजन पुढचा महिनाभर बाबांशी बोलले नव्हते. पण ते पोलिसांत गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा पुढच्याच रांगेत बसले.

हाच काला आज झाला आणि कोणी मोबाईलवर त्यातला अर्धा मिनिट काढून व्हॉट्सॲपवर सोडला तर? गावाबाहेरचा, मांड न बघितलेला माणूस तो बघणार आणि त्याच्या भावना दुखावणार. त्याला फक्त पोलीस ठाण्यात जायचंय. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे आपलं जुनं २९५-अ. दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. कलमात 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने' असे शब्द आहेत, हे तुम्ही मला मोठ्या अक्षरांत सुनावलंत. आहेत ना. पण तो उद्देश तपासतं कोण आणि कधी? न्यायालयाने खटला दाखल करून घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, गुन्हा नोंदवायला लागत नाही. म्हणजे फोन जप्त होणार, जामिनासाठी धावाधाव होणार, गावात नाव होणार, आणि उद्देश दुष्ट होता की नव्हता ते मागाहून सावकाश ठरणार. २०१३ साली एका मासिकाने मुखपृष्ठावर धोनीला विष्णूच्या रूपात छापलं. त्यावरून धोनीवर झालेला खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१७ साली. धोनीला दिल्लीपर्यंत वकील परवडतो. आमच्या संकासुराला म्हापशापर्यंत परवडला नसता.

माझा मुद्दा एवढाच होता. तुम्ही त्याला हात न लावता माझ्या खांद्यापर्यंत पोचलात.

एक गोष्ट मान्य करते. कलम वैध आहे हे तुमचं म्हणणं बरोबर. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते उचलून धरलंय. मी ते घटनाबाह्य आहे असं लिहिलंच नव्हतं, पण असू दे, मान्य. वैध कायदा शहाणाच असतो असं नाही. कुठला कायदा बदलावा हे बोलण्यासाठी न्यायमूर्ती व्हावं लागत नाही.

आता ते "इतर धर्मांबद्दल लिहून दाखवा". हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. २०२४ च्या ऑक्टोबरात संघाचे गोव्यातले माजी प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, अवशेषांची डीएनए चाचणी करा म्हटलं. शवप्रदर्शन तोंडावर आलेलं. डिचोली पोलिसांत याच २९९ खाली गुन्हा नोंद झाला, लोक मडगावात रस्त्यावर उतरले. तेव्हा मी काय लिहिलं होतं? बोलणं मला पटलं नाही, बोलण्याची वेळ तर मुळीच नाही, पण त्यासाठी माणसाला अटक होऊ नये. त्या लेखानंतर शाळेतल्या माझ्या एका ख्रिश्चन मैत्रिणीने नाताळच्या गोडाचा दोदोल धाडला नाही, पहिल्यांदाच. तुम्ही तेव्हा वाचत नव्हता, किंवा वाचून सोयीने विसरलात. त्या दिवशी मी तुमच्या बाजूची वाटले असणार, आज उलट बाजूची. मी मात्र तेच वाक्य दोनदा लिहिलंय.

आणि धर्माच्या अपमानाला शिक्षा हीच आपली परंपरा, असं तुम्ही गोव्यात बसून लिहिता याचं खरं आश्चर्य. ती परंपरा इथे कोणी आणली? १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं वगळता, पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, चाललं ते कशाच्या रक्षणासाठी? १७३६ च्या फर्मानात बाटलेल्या कुटुंबांना घरात तुळस लावायला बंदी होती, धोतर नेसायला बंदी होती, हिंदूंच्या रितीने बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी होती. चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही याने तेव्हा कोणाच्या तरी भावना दुखावत होत्या, आणि त्या भावनांच्या पाठीशी सरकार होतं. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आसऱ्याला आली, मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. तुमच्या फोंड्यात एवढे देव का नांदतात, ते कधी देवळाच्या पायरीवर बसून कोणा म्हाताऱ्याला विचारा.

दंगलींचं म्हणाल तर १९२७ साली हे कलम आलं ते लाहोरच्या, पैगंबरांवरच्या एका पुस्तकाच्या प्रकाशकावरून, आणि कलम आल्यावर दोन वर्षांच्या आत त्या प्रकाशकाचा खून झालाच. पलीकडे पाकिस्तानने १९८६ साली त्याच दंडविधानात २९५-सी घालून पैगंबरांच्या अपमानाला फाशीपर्यंत मजल मारली. तिथे त्याने शांतता नांदली का ते तुम्हीच बघा. जास्त लिहीत नाही.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी अडवून ठेवली आहे. तिच्यात माझ्या मुलीचा आणि तिने कोणाशी लग्न केलं त्याचा उल्लेख आहे. तेवढ्या तीन ओळी काढून पाठवलीत तर उरलेली जशीच्या तशी टाकीन, माझ्यावरच्या शिव्यांसकट. आणि जमलं तर या वेळी खऱ्या नावाने लिहा.