‘ते’ आल्यानं ‘ती’ कुठे जाते?

आमच्या नागपूरच्या ट्रान्स मंडळींत सध्या एक मेसेज फिरून राह्यला आहे. ‘ट्रान्स म्हणजे पुरुषाची बाई नाहीतर बाईचा पुरुष. नॉनबायनरी हे इंग्रजीतून आलेलं खूळ, मराठीत त्याला जागा नाही, आणि त्यांच्या नादात आपले हक्क बुडतील.’ नॉनबायनरी म्हणजे स्वतःला ना बाई म्हणवणारे, ना पुरुष. मी ट्रान्स बाई आहे, अधलीमधली नाही. म्हणजे हा मेसेज माझ्याच भल्यासाठी लिहिलाय म्हणे.

आधी मराठीचं पाहू. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलताना लिंग सांगावंच लागत नाही. आपल्याकडे ‘आलो’ की ‘आले’, तोंड उघडलं की ठरवा. नागपुरी तर आणखी कडक: ‘चहा पिऊन राह्यलो’ की ‘राह्यली’? तेव्हा ही अडचण उसनी नाही, मराठीत ती जास्तच बोचते. सीताबर्डीच्या टपरीवर एका नॉनबायनरी मैतराचं बोलणं एकदा कान देऊन ऐकलं. ‘मला चहा पाहिजे.’ ‘पैसे मी दिले.’ ‘मी सांगेन तुला.’ अर्धा तास गप्पा, पण एकदाही आलो-गेलो नाही की आले-गेले नाही. ‘दिले’ पैशांच्या मागे जातं, ‘सांगेन’मध्ये लिंग दिसतच नाही. व्याकरणातल्या या पळवाटा शाळेत कोणी शिकवल्या नव्हत्या. आणि कोल्हापूरकडच्या बाया ‘मी येतो’ म्हणतात, त्याला खूळ म्हणायची कोणाची छाती आहे?

शब्द इंग्रजी आहे, कबूल. मग ‘ट्रान्सजेंडर’ काय वर्ध्याहून आला?

मेसेजात एक दुखणं मात्र खरं आहे. एका बैठकीत सूत्रसंचालकानं आम्हा सगळ्यांना सरसकट ‘ते’ केलं. माझ्या अंगावर काटा आला. ‘ते आलं, ते बसलं’ हे मी घरी शिवी म्हणून ऐकलंय. आदराचं ‘ते आले’ म्हणाल, तर ते पुरुषाचं. ‘ती’ मिळवायला मला अर्धं आयुष्य लागलं. पण चूक न विचारता बोलणाऱ्याची होती, आणि त्याला तिथल्या तिथे टोकलं त्या टपरीवाल्या मैतरानंच: ‘यांना ती म्हणायचं. विचारा ना आधी.’

राहिले हक्क. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग आपण ठरवायचं हे मान्य केलं, वर त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह अनैतिक आणि बेकायदा ठरवला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा झाला तो मात्र असा: कलम ६ खाली जिल्हाधिकारी ‘ट्रान्सजेंडर’ असं प्रमाणपत्र देणार, त्यावर ‘स्त्री’ हवं तर कलम ७, म्हणजे आधी शस्त्रक्रिया. माझा हक्क अडला तो इथे. ही अट संसदेनं घातली, नॉनबायनरी लेकरांनी नाही. उलट त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत ट्रान्स-स्त्री, ट्रान्स-पुरुष, जेंडरक्वीअर (म्हणजे बाई-पुरुष या चौकटीत न बसणारे), किन्नर, हिजडा, जोगता असे सगळे एकाच पंगतीत बसवले होते.

मेसेजच्या शेवटी ‘सर्व भगिनींना पाठवा’ असं आहे. मी त्या मैतराला पाठवला. उत्तर आलं: ‘वाचला. उद्या टपरीवर येईन.’