तांदळाच्या डब्यातलं भांडवल

आज लघुउद्योजकांच्या मेळाव्याला गेले होते. टाय लावलेले एक वक्ते म्हणाले, "धोरणं कधी बदलतील सांगता येत नाही, म्हणून उद्योजकाने हाताशी रोकड ठेवावी." टाळ्या पडल्या. मला आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं.

होती ना साहेब, रोकड! ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी जाहीर झाली, त्या रात्री माझ्या तांदळाच्या डब्यात ४६ हजार होते, सगळे पाचशे-हजाराच्या नोटांत. दोन वर्षं कांदा-लसूण मसाला विकून साठवलेले. मार्चमध्ये मिरची भरायची होती त्यातून. घरात कुणाला पत्ता नव्हता. चोरी नव्हती हो ती, भांडवल होतं.

माझं स्वतःचं खातं नव्हतं. नोटा बदलायच्या तर आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन, वर बोटाला शाई. २४ नोव्हेंबरनंतर तेही बंद. रोज नवा नियम. रांगेत उभी राहू की पोरांचे डबे करू? शेवटी डबा नवऱ्यापुढे पालथा केला, तांदळासकट. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "एवढे होते तुझ्याकडे?" पैसे त्याच्या खात्यात गेले आणि त्या दिवसापासून 'घरातले' झाले. फेब्रुवारीत नणंदेच्या लग्नात संपले. मिरची मी बचत गटाकडून शेकडा दोन रुपये व्याजाने पैसे उचलून आणली.

मान्य, पुरुषांचेही हाल झाले. शेजारच्या हार्डवेअरवाल्या भावजींचा गल्ला दोन महिने ओस होता. पण त्यांचं करंट खातं होतं, ठोक व्यापाऱ्याने उधारी वाढवून दिली. मला मिरचीवाला म्हणतो, "वहिनी, रोख द्या, नाहीतर साहेबांना फोन करायला सांगा." २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. वर्षाची विक्री २० लाखांच्या आत म्हणून मला नोंदणी लागत नव्हती, तरी माझा मसाला ठेवणारा दुकानदार जीएसटी नंबर मागू लागला. माझ्या मालावर त्याला कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नव्हती ना! भावजींनी सीए गाठला. मी त्या दुकानात माल देणंच सोडलं.

नवऱ्याच्या मनात पाप नव्हतं. माझं खातं उघडायला नंतर तोच घेऊन गेला, फॉर्मही त्यानेच भरला. पण त्या ४६ हजारांचा विषय आजतागायत निघालेला नाही.

म्हणे हाताशी रोकड ठेवा. कुणाच्या हाताशी?

बायांनो, तुमच्या कुठल्या डब्यातून किती निघाले होते, लिहा खाली. नवऱ्यांना टॅग करू नका.